विद्यार्थी भीमराव आणि विषयाची निवड

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने बाबासाहेबांच्या चरित्रावर लेख मागितला, तेव्हा त्या अथांग चरित्राचा कोणता भाग घ्यावा, असा प्रश्न मला पडला. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी हा सारा इतिहास या स्मरणिकेच्या वाचकांना मुखोद्गत आहे. आपल्या वसतिगृहातील सातवीचा मुलगाही तो न अडखळता सांगतो. म्हणून मी जाणीवपूर्वक एक लहान भाग निवडला आहे. बाबासाहेबांनी आपले अभ्यासाचे विषय कसे निवडले, केव्हा निवडले आणि त्या निवडीत त्यांची स्वतःची इच्छा कितपत होती, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

हा भाग निवडण्यास कारण आहे. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळेच्या पटांगणात पालकांची गर्दी होते. सायन्स की आर्ट्स, डिप्लोमा की आयटीआय, हा निर्णय आठ-दहा दिवसांत करावयाचा असतो आणि तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा निकाल आहे, अशा समजुतीने सारे घर बसलेले असते. अशा वेळी बाबासाहेबांचे नाव हमखास निघते. ते बॅरिस्टर होते, म्हणून मुलाने वकील व्हावे, असे एक जण म्हणतो. ते अर्थशास्त्रज्ञ होते, म्हणून कॉमर्स घ्यावे, असे दुसऱ्याला वाटते. मुलगा मात्र मान खाली घालून उभा असतो. माझ्यावरही ही वेळ आली होती. घरच्यांच्या आग्रहाखातर मी अकरावीला विज्ञान शाखा घेतली, बारावीत अपयश आले आणि एक वर्ष वाया घालवून मग इतिहासाकडे आलो. तेव्हा बाबासाहेबांच्या नावाने जो सल्ला दिला जातो, तो त्यांच्या जीवनाशी कितपत जुळतो, हे तपासणे मला माझे काम वाटते.

दिनांक ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातील शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले, शिक्षणाविषयी विलक्षण आग्रही गृहस्थ. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घोटून घेतल्या. पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले.

येथे विषयनिवडीचा पहिला प्रसंग आला. दुसरी भाषा म्हणून मुलांनी संस्कृत घ्यावे, अशी रामजींची मनापासून इच्छा होती. परंतु शिक्षकांनी अस्पृश्य मुलांना संस्कृत शिकविण्यास नकार दिला. थोरले बंधू आनंदराव यांच्या बाबतीत तेच घडले आणि पाठोपाठ भीमरावांच्याही. दोघांनाही फारसी घ्यावी लागली. आज आपण पसंतिक्रम भरतो, गुणवत्ता यादीची वाट पाहतो. त्या मुलाच्या पुढे यादीच नव्हती. एक दार बंद होते म्हणून तो दुसऱ्या दारातून आत गेला. मात्र ज्या भाषेत नाइलाजाने प्रवेश केला, तिच्यात त्याने उत्तम गुण मिळविले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण संस्कृत नाकारले गेल्याची बोच त्यांच्या मनातून कधी गेली नाही, हे सांगावयास आपण विसरतो. तिच्याकडे लेखाच्या शेवटी यावे लागेल.

दुसरी गोष्ट त्याहून कमी सांगितली जाते. रामजींची निवृत्तिवेतनाची रक्कम दोघा मुलांच्या शिक्षणास पुरेना. तेव्हा आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली आणि धाकट्याचे शिक्षण चालू राहिले. पुस्तकासाठी पैसे कमी पडले की रामजी विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि वेतन हाती आले की सोडवून परत करीत. घरातील एका मुलाने काय शिकावे, हा प्रश्न गरीब कुटुंबात कधीच त्या एका मुलाचा नसतो. आपल्या वसतिगृहात आज शिकणाऱ्या कित्येक मुलांच्या पाठीशी असा एखादा आनंदराव उभा आहे. तो कोठे ऊस तोडतो, कोठे पुण्याच्या बांधकामावर असतो. पालकांचा धीर सुटतो, लवकर निर्णय करा असा लकडा लागतो, त्यामागे पुष्कळदा ही ओढाताण असते. तिला अडाणीपणा म्हणणे मला मान्य नाही.

मॅट्रिकला भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या पालकांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाला कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी हेरले होते. त्यांनी सत्कारसभेत आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्याला भेट दिले आणि पुढे बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे देऊन साहाय्य केले. १९१३ च्या आरंभी बी.ए.ची पदवी हाती आली. बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होऊन थोडे दिवस झाले न झाले तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी निवर्तले.

त्याच वर्षी बडोदा सरकारने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी करारनाम्यावर सही केली. ठरवून दिलेल्या विषयांच्या अभ्यासास आपला वेळ द्यावयाचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा तो करार होता. मुख्य विषय अर्थशास्त्र. ज्यांना वाटते की बाबासाहेब आपल्या आवडीचा विषय मोकळ्या मनाने निवडून अमेरिकेस गेले, त्यांनी हा करारनामा विसरू नये. बावीस वर्षांचा तरुण, वडील नुकतेच गेलेले, घरी पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत, आणि पुढील दहा वर्षांवर सही केलेली. याहून घट्ट बांधलेला विद्यार्थी कोणता असेल?

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील रीत आपल्याकडील रीतीहून निराळी होती. विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय असे. पण त्याच्या भोवती इतर विभागांतील प्राध्यापकांचे वर्ग त्याला खुले असत. नेमलेले पुस्तक पाठ करून वर्षाच्या शेवटी एक परीक्षा द्यावयाची, या मुंबईच्या शिरस्त्यातून आलेल्या तरुणास ही मोकळीक म्हणजे मोठे घबाड वाटले असणार. त्यांनी तिचा जो उपयोग केला, त्याची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी १. एकूण ६०.

या आकड्यांकडे इतिहासाच्या शिक्षकाच्या नजरेने पाहावे, अशी माझी विनंती आहे. जवळजवळ निम्मा भाग अर्थशास्त्राचा आहे. म्हणजे करार पाळला गेला, मुख्य विषयाचा पाया पक्का झाला. सेलिग्मनसारख्या सार्वजनिक वित्तव्यवहाराच्या अधिकारी अध्यापकाच्या हाताखाली हे काम झाले. उरलेला भाग मात्र कोणत्याही करारात बसणारा नव्हता. जॉन ड्यूई यांचे तत्त्वज्ञान, गोल्डनवायझर यांचे मानववंशशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र. संस्थानच्या हिशेबखात्यात यांपैकी कशाचाही उपयोग नव्हता. जून १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधास एम.ए. मिळाली. पुढील वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा प्रबंध तयार झाला. हे दोन्ही मुख्य विषयातले. पण ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या वर्गातला होता. ६० पैकी ज्या विषयाचे ४ अभ्यासक्रम, त्या कोपऱ्यातून हा निबंध आला. जात म्हणजे स्वतःला बंद करून घेतलेला वर्ग आणि जातीतल्या जातीत विवाह हे त्या बंदिस्तपणाचे मर्म, हे विवेचन त्यात आहे. पुढील चाळीस वर्षांच्या चळवळीचे वैचारिक बीज त्यात पडले, असे मी समजतो. मुख्य विषय एकच ठेवून बाकी सर्व दारे बंद करा, असे कोणी त्यांना बजावले असते आणि त्यांनी ऐकले असते, तर तो निबंध लिहिला गेला नसता.

त्या काळी लाला लजपतराय अमेरिकेत होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना राजकीय कार्यात ओढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. भीमरावांनी त्या वेळी अभ्यासच पुढे ठेवला. मिळालेल्या शिष्यवृत्तीतून काटकसर करून घरी पैसे पाठवावयाचे, एका वेळच्या जेवणात कपात करावयाची आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके विकत घ्यावयाची, असा क्रम होता. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जमविली, असे चरित्रकार सांगतात. ही वर्षे रमाबाईंनी मुंबईत कशी काढली, ते आपल्या माताभगिनींना वेगळे सांगावयास नको. त्या साठ अभ्यासक्रमांचे मोल केवळ पौंडांत चुकते झालेले नव्हते.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि कायद्यासाठी ग्रेज इन. करारात नसलेला कायदा येथे प्रथम येतो. कोणाच्या नोकरीवर अवलंबून राहावे लागू नये, एवढाच विचार त्यामागे होता, असे मानण्यास जागा आहे. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परतण्याचा हुकूम आला. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ते ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस उतरले. पुस्तके वेगळ्या जहाजाने निघाली होती. महायुद्ध चालू होते. ते जहाज बुडविले गेले आणि पुस्तकेही गेली.

बडोद्यात जे घडले ते सर्वश्रुत आहे. मी ते एका वेगळ्या अंगाने मांडू इच्छितो. योग्य विषय निवडला, नामांकित विद्यापीठाची पदवी घेतली, करार अक्षरशः पाळला. आता सारे सुरळीत होईल, असे कोणत्याही पालकास वाटेल. महाराजांच्या मनात त्यांना पुढे अर्थमंत्री करावयाचे होते. प्रत्यक्षात त्यांची नेमणूक लष्करी चिटणीस म्हणून झाली आणि शिपाई त्यांच्या मेजावर लांबून कागद फेकू लागले. राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून दहा-अकरा दिवस काढले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. सेलिग्मनचा विद्यार्थी झाडाखाली बसून रडला. विषयाची निवड अचूक असली, तरी ज्या समाजात ती वापरावयाची तो समाज तसाच राहिला, तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. आज आपल्या मुलाला नोकरीत डावलले जाते तेव्हा त्याने विषय चुकीचा घेतला, असा दोष घरचेच त्याला देतात. तो दोष पुष्कळदा त्याचा नसतो.

मुंबईस परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजाराच्या व्यवहारात सल्ला देण्याचे कार्यालय थाटले. सल्लागार महार आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा ४५० रुपयांवर नेमणूक झाली. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराविषयी साक्ष दिली. पगारातून शिल्लक टाकली. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना यांनी ५००० रुपये उसने दिले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. वय एकोणतीस. अर्धवट सोडलेला अभ्यास याही वयात पुरा करता येतो, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे शिक्षण मध्येच तुटले, त्यांनी मनाशी नोंदवावे.

या दुसऱ्या मुक्कामाविषयी फार लिहीत नाही. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, मध्यंतरी जर्मनीत बॉन विद्यापीठात अभ्यासाचा प्रयत्न आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध छापून सादर केल्याखेरीज मिळत नसे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. जुलै १९१३ मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची पदवी चौदा वर्षांनी पूर्ण झाली. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले.

वकिलीची सनद काढण्याइतके पैसेही नव्हते. तेही भथेनांनीच दिले. अशिलांची गर्दी नव्हती, म्हणून व्यापारी कायदा शिकविण्याचे अर्धवेळ काम त्यांनी स्वीकारले. १९२५ च्या अखेरीस चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी अर्थतज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. त्या काळातील त्यांची दिनचर्या पाहिली, तर त्यांचा विषय कोणता, हे एका शब्दात सांगणे कठीण होते. कधी कायदा, कधी चलन, कधी जात.

आता एक अशी गोष्ट, जी या साऱ्या कथेच्या उलट दिसते आणि जी वगळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात शिक्षणाचा विचार करताना त्यांनी असे मत मांडले की कला आणि कायदा यांचे शिक्षण आपल्या लोकांना फारसे उपयोगी पडणार नाही. त्यांना खऱ्या अर्थाने साहाय्य होईल ते विज्ञान व तंत्रविद्येच्या उच्च शिक्षणाने. हे शिक्षण खर्चिक असल्यामुळे केंद्र सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, परदेशीही विद्यार्थी पाठवावेत, अशी त्यांची मागणी होती. स्वतः कला शाखेत आणि कायद्यात वाढलेल्या माणसाने हे लिहावे, याचे कोणास आश्चर्य वाटेल. मला वाटत नाही. वैयक्तिक आवड हा त्या निवेदनाचा मुद्दा नव्हता. एका संपूर्ण समाजापुढे प्रयोगशाळेची, कारखान्याची आणि यंत्रशाळेची दारे पैशाअभावी बंद होती. ती उघडावीत, असा तो आग्रह होता. फारसी घ्यावी लागलेल्या मुलाला बंद दाराचा अर्थ कळत होता. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले संगणकावर महाडीबीटीचा अर्ज भरतात, तो त्याच शिष्यवृत्तीचा पुढचा टप्पा आहे.

या निवेदनाचा आधार घेऊन काही पालक प्रत्येक मुलाला विज्ञानाकडे लोटतात, हे मी पाहिले आहे. त्यांनी बाबासाहेबांनी स्वतः उभारलेल्या महाविद्यालयांकडे पाहावे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा एका छताखाली होत्या. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग सकाळच्या वेळी घेतले जात. १९५० मध्ये औरंगाबादेस पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्धी पावलेले महाविद्यालय निघाले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली मुले तेथे आली. त्यांतून लेखक निघाले, शिक्षक निघाले, अधिकारी निघाले. आपल्या शाळेचे कितीतरी पालक त्या पिढीचे पुत्र आणि कन्या आहेत.

संस्कृतची गोष्ट राहिली. शाळेने नाकारलेली ही भाषा बाबासाहेब पुढे स्वतःच्या श्रमाने शिकले. पंडितांचे साहाय्य घेतले, मूळ ग्रंथ वाचले. शूद्र कोण होते आणि अस्पृश्य कसे झाले, या दोन प्रश्नांवरची त्यांची पुस्तके अनुक्रमे १९४६ व १९४८ मध्ये निघाली. त्यांत वेद, स्मृती, पुराणे यांतील वचनांची जी छाननी आहे, ती परीक्षेसाठी केलेली नव्हती. तिला कोणतेही विद्यापीठ गुण देणार नव्हते. पन्नाशी ओलांडलेला, मधुमेहाने ग्रासलेला, मंत्रिपदाच्या कामाने थकलेला एक विद्यार्थी ती करीत होता.

आणि त्यानंतर पाली. दिल्लीच्या मुक्कामात त्यांनी पाली शब्दांची कोशवजा मांडणी आणि व्याकरणाची टिपणे तयार केली. त्यांच्या हयातीत ती प्रसिद्ध झाली नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या लेखन आणि भाषणे या मालेत १९९८ मध्ये सोळावा खंड म्हणून ती बाहेर आली. आपल्या शाळेच्या ग्रंथालयात तो जाड खंड आहे. गेल्या वर्षी पुस्तकांची नव्याने मांडणी करताना आठवीतल्या दोन मुली तो हातात घेऊन माझ्याकडे आल्या आणि हे पुस्तक भाषेच्या कपाटात ठेवावे, इतिहासाच्या की धम्माच्या, असे त्यांनी विचारले. मी थोडा वेळ विचार केला आणि ते कपाटात न ठेवता वाचनाच्या मेजावर ठेवावयास सांगितले. ते अजून तेथेच आहे.